लाज कुणाची? शौचावरचा ताबा, ओटीपोटाचा व्यायाम आणि आपल्या आयाबहिणींचा हक्क

डिसेंबर लागला की मलकापूरच्या रेल्वे स्टेशनवर निळे झेंडे दिसू लागतात. मुंबई-नागपूर मार्गावरचे हे आपले स्टेशन. विदर्भातून चैत्यभूमीकडे निघालेला जनसागर इथूनच भुसावळमार्गे पुढे जातो. बसायला जागा मिळाली नाही तर दाराशी उभे राहून, पेपर अंथरून, लेकरू मांडीवर घेऊन आपली माणसे दादर गाठतात. या गर्दीत कोण कोण आहे हे आपण अभिमानाने सांगतो. पण या गर्दीत कोण नाही, हे आपण कधी मोजले आहे का?

प्रत्येक वस्तीत अशी एखादी मावशी, आत्या, आजी असते जी आधी दरवर्षी जायची आणि आता जात नाही. विचारले तर सांगते, गुडघे दुखतात, घर राखायला कोणीतरी पाहिजे. विहारात वंदनेला आली तर दाराजवळ बसते आणि सगळ्यांच्या आधी उठून जाते. लग्नाच्या पंगतीत जेवत नाही. कापूस वेचायला जाताना घरून काही खाऊन निघत नाही. अशा बायांपैकी काही जणींचे खरे कारण वेगळे असते. त्यांचा शौचावरचा ताबा सुटलेला असतो. खोकला आला, ओझे उचलले, पोटात कळ आली की संडासापर्यंत पोहोचण्याआधीच निसटते. कधी नुसता वायू, कधी पातळ मळ, कधी कपड्याला डाग. ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितलेली नसते, सुनेला नाही आणि डॉक्टरलाही नाही.

आज आम्ही याच विषयावर लिहीत आहोत. काही मित्र नाक मुरडतील. चळवळीच्या व्यासपीठावर संडासाचा विषय कशाला, असे म्हणतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे की या त्रासावर उपचार आहे, तो बहुतेकांच्या बाबतीत ऑपरेशनने नव्हे तर सल्ल्याने आणि व्यायामाने सुरू होतो, त्याला फारसा पैसा लागत नाही, आणि तरीही तो आपल्या बायांपर्यंत पोहोचलेला नाही. तो का पोहोचला नाही, हा प्रश्न शंभर टक्के राजकीय आहे.

हा आजार आहे, वय नव्हे

आधी शरीर समजून घेऊ. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात. इंग्रजीत याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. आपण ओटीपोटाचा तळ म्हणू. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचे शेवटचे टोक हे सगळे या झोळीने तोललेले असते. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपोआप मिटलेले राहते, बाहेरचे आपण मनाने आवळू शकतो. आतड्यात मळ आला की जाणीव होते, आपण बाहेरचे कडे आवळतो आणि संडास गाठेपर्यंत धीर धरतो. या साखळीतला कोणताही दुवा कमजोर झाला की ताबा सुटतो.

तो कमजोर कशाने होतो? बायांमध्ये सर्वांत मोठे कारण बाळंतपण. बाळ अडले, चिमटा लावावा लागला, बाळ मोठे होते, खालचा भाग गुदद्वारापर्यंत फाटला, अशा वेळी हे कडे जखमी होते. कधी टाके घातले जातात, कधी आतली जखम लक्षातच येत नाही. तरुणपणी बाकीचे स्नायू ती उणीव भरून काढतात. पाळी गेल्यावर स्नायू सैलावतात आणि वीस-तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाची जखम तेव्हा बोलू लागते. म्हणून बाई म्हणते, वय झाले. वय झाले हे खरे असले तरी आजाराला वय म्हणून सोडून देणे खरे नाही.

दुसरी कारणेही आहेत आणि त्यात पुरुष येतात. जुना मधुमेह, लकवा, मणक्याची इजा, मूळव्याध आणि भगंदराची ऑपरेशने. गल्लोगल्ली बोर्ड लावून बसलेल्या अर्धवट वैद्याकडून मूळव्याधीवर इंजेक्शन किंवा क्षार लावून घेणारा हमाल पुढे आयुष्यभर डाग लपवत फिरू शकतो. म्हातारपणी एक फसवे कारण असते. कडक मळाचा खडा आत अडकतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपत राहतो. घरचे जुलाब समजून जुलाब थांबवणारी गोळी देतात आणि खडा आणखी घट्ट होतो. म्हणजे वरून जुलाब दिसतो आणि मुळात बद्धकोष्ठ असते. हे ओळखायला कोणीतरी नीट विचारावे लागते, नीट तपासावे लागते.

मैल्याची लाज कोणी घडवली?

मग बाया सांगत का नाहीत? लाजेमुळे. पण ही लाज आभाळातून पडलेली नाही.

या देशात मैला हा नुसता पदार्थाचा शब्द राहिलेला नाही, तो जातीचा शब्द झाला आहे. ज्यांच्या पोटातून मैला निघतो ते शुद्ध आणि जे तो उचलतात ते अशुद्ध, असा उफराटा न्याय इथे हजारो वर्षे चालला. हाताने मैला उचलायला लावण्यावर १९९३ मध्ये कायदा झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या असे सांगावे लागले. तरी माणसे गटारात उतरतातच. जिथे मळाशी जोडलेला माणूस माणूस मानला जात नाही, तिथे स्वतःच्या शरीरातून मळ निसटतो हे कोण बाई उघडपणे सांगेल?

आपल्या बायांवर तर याचा दुहेरी भार आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलून स्वच्छ राहण्याचा, नीट लुगडे नेसण्याचा, जातीची खूण दाखवणारे दागिने टाकून देण्याचा आग्रह धरला. आपल्या आज्यांनी तो अक्षरशः पाळला. पाणी नव्हते तरी लुगडे धुतले. ज्यांना पिढ्यान्पिढ्या घाणेरडे म्हटले गेले त्यांनी स्वच्छतेलाच स्वाभिमान केले. आज वंदनेची पांढरी साडी हा त्या स्वाभिमानाचा रंग आहे. त्या पांढऱ्या साडीवर डाग पडण्याची भीती काय असते, हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलाने आपल्या आईच्या जागी उभे राहून विचारात घ्यावे. तिला वाटते, लोक म्हणतील ते खरेच होते. म्हणून ती घरात बसते. म्हणजे आजार स्नायूचा आहे, आणि शिक्षा जातीने आणि पुरुषसत्तेने दिली आहे.

बाबासाहेबांनी महाडला दिलेला आग्रह स्वाभिमानाचा होता, लपून बसण्याचा नव्हता. कपडा धुणे म्हणजे त्या काळी समाजासमोर ताठ उभे राहणे होते. आज त्याच आग्रहाचा अर्थ आजार सांगणे आणि इलाज मागणे असा होतो.

एक तर मौन, नाही तर सुरी

गरीब बाईच्या ओटीपोटातल्या दुखण्याला या राज्यात काय उत्तर मिळाले, याची दोन उदाहरणे पाहू. दोन्ही महाराष्ट्रातली आहेत.

पहिले आपल्याच विदर्भातले. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगापैकी कोणता ना कोणता त्रास होता. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास शौचावरच्या ताब्याचा नव्हता, पण त्याने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. बाया तक्रार करत नाहीत याचा अर्थ त्यांना त्रास नाही असा होत नाही. त्यांना कोणी विचारलेले नसते एवढाच त्याचा अर्थ असतो.

दुसरे उदाहरण बीडचे. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरे पाणी, पाळीचा त्रास, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन बाई गेली की पिशवी काढून टाका. कामाचा खाडा नको, मुकादमाचा दंड नको, म्हणून तीही तयार झाली.

ही दोन टोके नीट पाहा. एका टोकाला बाईला कोणी विचारतच नाही. दुसऱ्या टोकाला विचारले की थेट सुरी. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे, जिथे बसून ऐकायचे, तपासायचे, शिकवायचे, व्यायाम करून घ्यायचा, पुन्हा बोलवायचे, ती जागा गरिबाच्या वाट्याला आलेलीच नाही. फिजिओथेरपी ही त्या मधल्या जागेची विद्या आहे. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे गुडघा, कंबर, लकवा एवढेच समजले जाते. ओटीपोटाचे स्नायूही स्नायूच आहेत आणि त्यांनाही शिकवता येते, हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

काय करायचे असते?

१९४८ मध्ये अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी बाळंतपणानंतर सैल झालेल्या या स्नायूंसाठी आवळण्याचा व्यायाम मांडला. त्यांच्याच नावाने तो जगभर ओळखला जातो. आज तो अधिक नेमका झाला आहे. आम्ही डॉक्टर नाही, पण जे सर्वमान्य आहे ते सोप्या भाषेत सांगतो.

खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा, गुडघे थोडे फाकवा. चारचौघांत वायू येतोय आणि तो अडवायचा आहे अशी कल्पना करा. त्या वेळी गुदद्वाराभोवती जे आवळले जाते आणि वर ओढले जाते तोच स्नायू. ढुंगण, मांड्या, पोट आवळायचे नाही, श्वास रोखायचा नाही. आवळून पाच सेकंद धरा, मग सोडा, दहा सेकंद विसावा घ्या. जमेल तसे धरण्याचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्या. असे सुमारे दहा वेळा. मग भरभर आवळून लगेच सोडण्याचे दहा. दिवसातून तीन वेळा. खोकताना, शिंकताना, पाण्याची घागर किंवा कापसाचे गाठोडे उचलताना आधी आवळा आणि मग उचला. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका, त्याने लघवीचे नुकसान होते.

फरक आठ दिवसांत दिसत नाही. साधारण तीन महिने नेमाने करावे लागते. बहुतेक जण इथेच सोडून देतात, म्हणून कोणीतरी पाठीशी लागणारे हवे.

व्यायामाच्या जोडीला मळाचा घट्टपणा सांभाळावा लागतो. फार पातळ मळ कोणताही स्नायू अडवू शकत नाही. इसबगोल, भाकरी, भाजी, पुरेसे पाणी, चहा कमी. जेवणानंतर आतड्याला आपोआप चालना मिळते, म्हणून सकाळी काही खाऊन ठरलेल्या वेळी शौचाला बसायची सवय लावायची. घाई आली की पळत सुटायचे नाही. थांबायचे, आवळायचे, कळ ओसरू द्यायची आणि मग चालत जायचे. पळताना ताबा लवकर सुटतो. आणि उपाशी राहणे हा उपाय नाही. त्याने अशक्तपणा येतो, आतड्याचे वेळापत्रक बिघडते.

मग फिजिओथेरपिस्ट कशाला? कारण अनेक बाया चुकीचा स्नायू आवळतात, आत ओढण्याऐवजी खाली कुंथतात. काहींचे स्नायू सैल नसून उलट ताठरलेले असतात. त्यांना आवळायला नाही, सोडायला शिकवावे लागते. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आधी सगळी हकिकत ऐकते, काय खाल्ले, कधी निसटले याची वही ठेवायला सांगते, परवानगी असेल तर तपासते आणि नेमका स्नायू दाखवून देते. काही ठिकाणी बायोफीडबॅक नावाचे यंत्र असते. आपण किती आवळले ते त्याच्या पडद्यावर दिसते, त्यावरून शिकता येते. आतून तपासणी नको वाटली तर नाही म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. तपासणीशिवायही बरेच शिकवता येते.

काही खुणांना मात्र व्यायाम करत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा. मळातून रक्त, कारण नसताना वजन घटणे, शौचाची सवय अचानक बदलणे, बाळंतपणानंतर योनीमार्गातून मळ येणे. आणि कंबरेच्या दुखण्यासोबत बसण्याची जागा बधिर झाली, पाय लुळे पडले, लघवी अडली तर त्याच दिवशी रुग्णालय.

यंत्राआधी माणूस

हे खरेच चालते का? आंबेडकरी माणसाने पुरावा मागितलाच पाहिजे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात क्रिस्टीन नॉर्टन यांच्या गटाने १७१ रुग्णांवर केलेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला फक्त नर्सचा सविस्तर सल्ला, दुसऱ्याला सल्ला आणि व्यायाम, तिसऱ्या आणि चौथ्याला त्यावर बायोफीडबॅकचे यंत्र. सर्व गटांत जवळपास निम्मे रुग्ण सुधारले. यंत्राने वेगळा फायदा दिसला नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्ह हेमेन यांच्या गटाचा अभ्यास आला, त्यात निकाल थोडा वेगळा होता. यंत्राच्या साहाय्याने शिकलेल्यांपैकी ७६ टक्के लोकांना समाधानकारक आराम पडला, नुसता व्यायाम शिकलेल्यांपैकी ४१ टक्के.

तज्ज्ञ यावर वाद घालोत. आम्हाला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, हा जादूचा मंत्र नाही. सगळ्यांना फायदा होत नाही, काहींना पुढे औषध किंवा ऑपरेशन लागते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दोन, सर्वांत साध्या गटातही, जिथे एका जाणकार नर्सने वेळ दिला, खोदून विचारले आणि समजावले, तिथेही निम्म्या लोकांचे आयुष्य सुसह्य झाले. म्हणजे लाखोंचे यंत्र नाही म्हणून उपचार नाही, ही सबब चालणार नाही. पहिली गरज विचारणाऱ्या माणसाची आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शिकेने २००७ मध्ये हेच सांगितले की रुग्ण स्वतः बोलत नाहीत, म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यानेच पुढाकार घेऊन हळुवारपणे विचारावे.

इथे एक आक्षेप हमखास येईल. काही लोक म्हणतील, यात नवीन काय, मूलबंध आणि अश्विनी मुद्रा आमच्या योगशास्त्रात आधीपासून आहेतच. ठीक आहे. स्नायू आवळण्याची क्रिया मिळतीजुळती आहे हे आम्हाला मान्य. पण मग आमचा साधा प्रश्न आहे. ही विद्या तुमच्याकडे इतकी जुनी होती, तर ती बाळंतिणीपर्यंत का आली नाही? शेतात बाळंत होणाऱ्या, आठव्या दिवशी निंदायला जाणाऱ्या बाईला ती कोणी शिकवली? ज्ञान कोणाकडे होते यापेक्षा ते कोणासाठी बंद होते, हा आमचा प्रश्न आहे. जोतिबा-सावित्रीपासून आपण तोच विचारत आलो आहोत.

चळवळीला यापेक्षा मोठे प्रश्न नाहीत का?

आहेत. आरक्षण आहे, अत्याचार आहेत, बेरोजगारी आहे. पण बाबासाहेबांनी बाईच्या शरीराचा प्रश्न कधी छोटा मानला नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे अशी बाजू मांडली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाचा कायदा सुधारला. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या आपल्या वऱ्हाडातल्या, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेत घटस्फोटाच्या हक्काबरोबर गिरणी, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायांना रजा, इजेची भरपाई आणि पेन्शन मिळावे असा ठराव झाला. ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या आज्या व्यासपीठावरून कष्टकरी बाईच्या शरीराची झीज हा हक्काचा विषय मांडत होत्या. आज आपण त्यावर बोलताना लाजायचे?

२०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या आईला २६ आठवड्यांची रजा मिळाली. कंबरेला ओटी बांधून उन्हात कापूस वेचणाऱ्या, जिनिंगमध्ये उभ्याने राबणाऱ्या, किलोवर मजुरी मिळणाऱ्या बाईला ती रजा कोण देतो? टाके भरायच्या आत ती वाकते, उचलते, कुंथते. शेतात आडोसा नाही, बाजारात स्वच्छ संडास नाही. ताबा कमी झालेल्या माणसाला संडास दहा पावलांवर आहे की अर्ध्या कोसावर, यावर त्याची मजुरी ठरते. म्हणून हा प्रश्न वर्गाचाही आहे.

मलकापुरात काय करता येईल?

अकोला आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दोन्ही शहरे आपल्या रेल्वेमार्गावरच आहेत. पण जी बाई डागाच्या भीतीने गाडीत बसत नाही, तिला उपचारासाठी गाडीत बसून जा म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. सेवा तालुक्यात आली पाहिजे. त्यासाठी तरुणांनी पुढील कामे हाती घ्यावीत.

पहिले, माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा आपल्या हातात आहे. दहा रुपयांचे तिकीट लावून, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही न लावता, सरकारी रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारा. फिजिओथेरपिस्टचे पद मंजूर आहे का? भरलेले आहे का? गेल्या वर्षभरात बाळंतपणानंतर किती स्त्रियांना फिजिओथेरपीसाठी पाठवले? बाळंतपणात गुदद्वारापर्यंत फाटल्याच्या किती नोंदी झाल्या आणि ते त्या बाईच्या कार्डावर लिहून दिले का? तीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. उत्तर आले की त्यावर रुग्ण कल्याण समितीकडे निवेदन द्या. मागणी एकच ठेवा. आठवड्यातला एक दिवस, बंद दाराची खोली आणि शिकवणारी प्रशिक्षित व्यक्ती, शक्यतो महिला.

दुसरे, आशाताईंशी बोला. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा येते. बाळाचे वजन पाहते, ताप पाहते. त्यात आईला एक प्रश्न वाढवायचा आहे. वायू, मळ किंवा लघवी न कळत निसटते का? एवढ्या एका प्रश्नाने वीस वर्षांनी येणारा त्रास आज पकडता येतो. आशाताईंवर कामाचा बोजा आधीच फार आहे, मानधन तुटपुंजे आहे. त्यांच्या मानधनाच्या लढ्यात आपण सोबत असलो तरच हा प्रश्न त्यांच्याकडून हक्काने मागता येईल.

तिसरे, विहार. महिन्यातून एक रविवार वंदनेनंतर फक्त बायांची बैठक घ्या. आपल्या समाजातल्या मुली आज फिजिओथेरपीची पदवी घेत आहेत, नर्सिंग करत आहेत. शिष्यवृत्ती आणि आरक्षण यांच्या बळावर त्या तिथे पोहोचल्या. त्यांना सन्मानाने बोलवा, शाल-श्रीफळासाठी नव्हे, शिकवण्यासाठी. पुरुषांसाठी वेगळी बैठक घ्या, कारण पुरुष तर याबाबत बायांपेक्षाही मुके आहेत.

चौथे, संडास. कापूस बाजार, बसस्थानक, विहार आणि आपले स्वतःचे कार्यक्रम. जयंतीच्या मिरवणुकीला डीजेसाठी हजारो रुपये जमवणाऱ्या मंडळाने पाणी असलेले फिरते संडास मागवायला काय हरकत आहे? आपल्या कार्यक्रमात म्हातारी बाई चार तास बसू शकते का, हा त्या कार्यक्रमाच्या आंबेडकरी असण्याचा निकष ठेवा.

आणि शेवटचे काम घरातले. मित्रा, तुझ्या आईला तू हे कदाचित थेट विचारू शकणार नाहीस. बहिणीला सांग, बायकोला सांग, आशाताईला सांग. हा लेख मोठ्याने वाचून दाखव. घरात कोणाच्या कपड्याला डाग दिसला तर हसू नकोस, वास आला म्हणून नाक धरू नकोस. ज्या समाजाने वास आणि विटाळ यांच्या नावावर आपल्याला गावाबाहेर ठेवले, त्याची सवय आपल्याच घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही.

संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. त्या कर्तव्यात आपल्या बायांच्या शरीराचा हा भागही येतो. तो आपोआप मोजला जाणार नाही. आपण अर्ज लिहू, तेव्हा मोजला जाईल. पहिला अर्ज या आठवड्यात लिहा.

जयभीम!